कादंबरी छापून आली, आता दुसऱ्याच्या ओटीवर जाऊन बसा

माझ्या कादंबरीच्या पेट्या वेंगुर्ल्याला घरी आल्या तेव्हा धो धो पाऊस होता, रिक्षावाल्याने त्या पडवीत टेकवल्या आणि गेला, आणि सासूबाई बाहेर येऊन बघतात तर पाच पेट्या. "इतक्या पुस्तकांचा काय करतलस गो?" एवढंच म्हणाल्या. प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिहिताना चार वर्षं गेली तेव्हा विकायचं कसं हा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता, आणि प्रकाशक म्हणाले की आम्ही प्रदर्शनात ठेवू, बाकी आता लेखकानेच थोडं बघायला लागतं.

तर हे सगळं त्या "थोडं बघायला लागतं" बद्दल आहे. मी प्रकाशन सोहळा केला, फेसबुकवर कव्हर टाकलं, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं (अंगठे भरपूर आले, ऑर्डर तीन), आणि या सगळ्यात खऱ्या अर्थाने उपयोगी पडल्या त्या गेस्ट पोस्ट. म्हणजे काय तर दुसरा कोणी लेखक किंवा लेखिका स्वतःचा ब्लॉग चालवते, तिथे तुम्ही पाहुणे म्हणून एक लेख लिहायचा, म्हणजे त्यांच्या ओटीवर (घराच्या पुढच्या सोप्यावर) जाऊन बसल्यासारखं. वाचक त्यांचे, लेख तुमचा, खाली तीन ओळींत तुमची ओळख आणि पुस्तक कुठे मिळेल ते. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. कोणी मागितलेच तर ती जाहिरात झाली, तिथे जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी गेले नाही.

सुरुवातीला मी जे केलं ते आधी सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. एक छान मेल लिहिला आणि चौदा जणांना तोच पाठवला, वरचं नाव तेवढं बदलत गेले, आणि नवव्याला बदलायचं राहिलं. त्यांचं उत्तर आलं, "मी त्या ताई नाही, पण तुमचा निरोप त्यांना पोचवतो." असली लाज वाटली की दोन दिवस मेल उघडला नाही. आणि मुळात त्या मेलमध्ये काय होतं, तर माझी कादंबरी आली आहे, तुमच्या ब्लॉगवर तिच्याबद्दल लिहायला आवडेल. अहो पण त्यांच्या वाचकांना ती वाचायला का आवडेल? ते कुठेच नव्हतं. चौदातून दोन उत्तरं आली, त्यातलं एक हे वरचं.

नंतर हळूहळू डोक्यात शिरलं की कादंबरीबद्दल लिहायचंच नाही. कादंबरीत जे मावलं नाही ते लिहायचं.

हे जरा नीट सांगते कारण सगळा खेळ इथेच आहे. माझ्या कादंबरीत खाडीवरची तर आहे, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, ती चालवणारा माणूस आहे, आणि पुढे पूल होतो. हे लिहिण्यासाठी मी दोन वर्षं म्हाताऱ्या होडीवाल्यांकडे बसून वह्या भरल्या होत्या, त्यातलं निम्म्याहून जास्त मी दुसऱ्या खर्ड्यात कापलं कारण गोष्ट अडत होती. ते कापलेलं म्हणजे सोनं आहे. कुठल्याही कादंबरीवाल्याकडे असतं, फाइल डिलीट केली नसेल तर. एक कागद घ्या आणि गोष्ट सोडून पुस्तकात अजून काय काय आहे ते लिहा. माझ्या कागदावर आलं: भरती-ओहोटी, पुलाच्या जमिनीची भांडणं, बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण), दशावताराच्या रात्री, मालवणी बोली, खारफुटी, मुंबईला गेलेले चाकरमानी. आता एकेका शब्दासमोर लिहा की याच्यावर कोण लिहितं. खाण्यावर लिहिणारी बाई आहे, किल्ले आणि समुद्रकिनारे फिरून लिहिणारा एक जण आहे, भाषांतर करणाऱ्या एक बाई आहेत, त्या शब्दांवर लिहितात. ही तुमची यादी. यात "कादंबरी" हा विषय असलेला एकही ब्लॉग नसला तरी चालतं, उलट बरं, कारण पुस्तक परीक्षणाच्या ब्लॉगवर आधीच शंभर लेखक रांगेत उभे असतात.

फिरणाऱ्या माणसाच्या ब्लॉगसाठी मी भरतीवर लिहिलं. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगायची, हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, भरती साधारण तीनच्या सुमाराला पूर्ण. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. पौर्णिमा अमावास्येला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत, म्हणून उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. हे सगळं अंदाजाचं, जागेप्रमाणे थोडं मागेपुढे, आणि पाण्यात उतरायचं असेल तर तक्ता बघायचा, हेही लिहिलं, कारण कोणी माझा लेख वाचून खडकावर अडकायला नको. आणि मग शेवटच्या परिच्छेदात फक्त एवढंच की ज्या होडीवाल्याने मला हे शिकवलं त्याच्यासारखाच एक माणूस माझ्या कादंबरीत आहे, आणि पूल झाल्यावर त्याला तिथी मोजायचं कारणच उरत नाही.

कादंबरीबद्दल एवढं एकच वाक्य. पण ज्याने वरचं सगळं वाचलंय त्याला ते वाक्य लागतं. त्या लेखाखाली लोकांनी आपापल्या गावच्या वेळा लिहिल्या, एकाने सांगितलं की आमच्या खाडीत आत भरती उशिरा पोचते, त्यावर दुसऱ्याने आणखी काही, आणि पुस्तक मागवणाऱ्यांत ही मंडळी सगळ्यात जास्त निघाली. खाण्याच्या ब्लॉगवर तिरफळाबद्दल, म्हणजे माशाच्या कालवणात घालतात त्या मसाल्याबद्दल लिहिलं, आतलं काळं बी काढून टाकायचं आणि साल तेवढी वापरायची, बांगड्याला का आणि पापलेटला का नाही वगैरे, तो लेख तिथे खूप फिरला पण पुस्तकं कमी गेली. का, तर माझ्या मते तिरफळाचा आणि गोष्टीचा जोड ओढूनताणून होता. कादंबरीत एक बाई एकदा तिखलं करते, एवढंच. वाचकाला कळतं हो.

आता माणसं कशी गाठायची ते. ज्यांच्याकडे जायचंय त्यांचे निदान सहा-सात लेख मनापासून वाचा, शेवटचा लेख कधीचा आहे ती तारीख बघा, कारण मराठीत चांगले चांगले ब्लॉग आठ-दहा वर्षांपासून तसेच पडून आहेत आणि तुम्ही तिथे मेल पाठवून वाट बघत बसाल. कॉमेंटला ते उत्तर देतात का बघा. आधी कधी कोणाला पाहुणा म्हणून घेतलंय का बघा, घेतलं असेल तर तो लेख किती शब्दांचा आहे ते मोजा आणि तुमचा तेवढाच ठेवा. आणि दोन-चार ठिकाणी खरीखुरी कॉमेंट करा, मेल पाठवायच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी. "खूप छान लिहिलंय" ही कॉमेंट नाही. वाचकसंख्येच्या मागे फार लागू नका, ज्याच्याकडे दोनशेच वाचक आहेत पण सगळे एकमेकांशी बोलतात तिथे गेलेलं बरं.

मेल लहान ठेवा. मी आता साधारण असा लिहिते:

"नमस्कार ताई, तुमचा घावण्यांवरचा लेख वाचून मी आमच्याकडे वाटणात काय काय घालतात ते कॉमेंटमध्ये लिहिलं होतं, ती मी. माझी पहिली कादंबरी नुकतीच आलीये, खाडीवरच्या तरीबद्दल आहे. तिच्यासाठी माहिती गोळा करताना होडीवाल्यांच्या घरचं दुपारचं जेवण काय असायचं यावर बरंच हाती लागलं जे पुस्तकात गेलं नाही. त्यावर आठशे शब्दांचा लेख तुमच्या ब्लॉगसाठी लिहू का? लेख नवा असेल, दुसरीकडे कुठे येणार नाही. आवडला नाही तर मोकळेपणाने नाही म्हणा. पुस्तक वाचायचं असेल तर पत्ता कळवा, पाठवते, त्याच्यावर लिहायलाच हवं असं काही नाही."

बस. सोबत पुस्तकाची पीडीएफ जोडू नका, कोणी मागितलेली नसते आणि मग ती कुठे कुठे फिरते देव जाणे. पुरुष असतील तर सर, दादा काय ते त्यांच्या ब्लॉगवर लोक कसे बोलतात त्यावरून ठरवा, वयाने लहान पोरगं असलं तरी पहिल्या मेलला अहो-जाहोच. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण, त्यानंतर गप्प. नाही म्हणाले तर आभार मानून सोडून द्या, आपलं क्षेत्र केवढंसं, पुढच्या संमेलनात चहाच्या रांगेत हीच माणसं मागे उभी असतात.

पुस्तकातला उतारा द्यायचा असेल तर आधी करार काढून बघा. लिहिलेल्याचा हक्क मुळात लेखकाचा असतो पण प्रकाशकाला तुम्ही सहीने काय काय देऊन बसलात ते कागदावरच कळतं, मी तर कराराचं दुसरं पान पहिल्यांदा तेव्हाच वाचलं. प्रकाशकाला एक ओळीचा मेल टाकून लेखी होकार घ्या. आणि लेखाला शोभा म्हणून कोणाची आख्खी कविता किंवा गाणं टाकू नका, आपल्या कायद्यात कवी गेल्यावरही ६० वर्षं हक्क चालू असतो. तसंही माझं मत विचाराल तर उताऱ्यापेक्षा नवा लेख चांगला. उतारा मधूनच उचललेला असतो, आगापिछा माहीत नसतो, वाचणारा दुसऱ्या ओळीला सटकतो.

मालवणीवरचा लेख मात्र उताऱ्याशिवाय झालाच नसता. भाषांतरवाल्या बाईंनी विचारलं की घाटावरच्या वाचकाला संवाद कळावेत म्हणून काय केलंस, तर मी चार संवाद दिले, आधी मी कसे लिहिले होते, मग संपादकांनी काय सुचवलं, आणि शेवटी काय ठेवलं. "खंय गेल्लस?" याला तळटीप लागत नाही, कारण पुढचं वाक्य उत्तर देतं, "बाजारात." पण "माका गजाली नको सांगा" यातल्या गजालीला (म्हणजे गप्पांना) संदर्भ द्यावा लागला. असले लेख लिहिणाऱ्या लोकांना फार आवडतात, आपण आत काय केलं ते दाखवलं की. कुठे चुकलो तेही दाखवा.

आता टेक्निकल कटकट. प्रकाशकाकडून येणारी फाइल बहुतेक वेळा श्रीलिपीत किंवा तसल्याच छपाईसाठीच्या (डीटीपी) फाँटमध्ये असते, ती ब्लॉगवर पेस्ट केली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडच पाहिजे, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसतं ते मराठी टायपिंग. कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात, "दुसऱ्या" मधला तो र तर नक्कीच, पीडीएफमधून कॉपी केलं तरी तेच. म्हणून उतारा सरळ नव्याने टाइप केलेला परवडतो. मी फोनवर बोलून टाइप करते आणि मग अनुस्वार तपासत बसते. लेख पाठवताना साधी डॉक फाइल, फोटो वेगळे. कव्हर उभं असतं आणि लिंक शेअर केली की चित्र आडवं दिसतं, त्यामुळे वरचं नाव आणि खालचं तुमचं नाव दोन्ही कापलं जातं, यासाठी १२०० बाय ६३० पिक्सेलचं एक आडवं चित्र करून ठेवा, मध्ये कव्हर आणि बाजूला रिकामी जागा किंवा खाडीचा फोटो. फोटो स्वतःचा काढलेला.

लिंक एकच द्या. मी पहिल्यांदा पाच दिल्या होत्या, फेसबुक, इन्स्टा, प्रकाशक, ऑनलाइन दुकान, माझा ब्लॉग, कोणीच कशावर गेलं नाही. आणि ती दुकानाची लिंक उघडली तर पुस्तक "उपलब्ध नाही" दाखवत होतं, पेट्या माझ्या पडवीत आणि तिथे उपलब्ध नाही. आता मी एक साधा गूगल फॉर्म ठेवलाय, नाव, पत्ता, किती प्रती, आणि शेवटी एक प्रश्न, "पुस्तकाबद्दल कुठे वाचलंत?" याच्यापेक्षा मोठं मोजमाप मला लागलं नाही. कुठला लेख चालला ते या एका प्रश्नावरून कळतं, वरचं भरतीचं आणि तिरफळाचं मी त्यावरूनच सांगतेय. पैसे क्यूआरने. फोन नंबर मात्र घरचा देऊ नका, पुस्तकासाठी वेगळं सिम घ्या, रात्री अकराला "कादंबरीचा शेवट असा का केलात" म्हणून फोन येतात, आनंद होतो पण आमच्याकडे सगळे नऊला झोपतात.

ओळखीच्या तीन ओळीत पुरस्कारांची यादी नको. कुठे राहते, काय करते, पुस्तक कशावर आहे. मी लिहिते की वेंगुर्ल्याला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. याच्यावरूनही लोक बोलायला येतात, एका बाईंनी पतसंस्थेवर कादंबरी लिहा म्हणून सुचवलंय, नोकरी सुटल्यावर बघू.

वेळेचं गणित आपल्या भागात वेगळंच आहे. माझा एक लेख ऐन गणेश चतुर्थीच्या आठवड्यात आला. कोकणातला माणूस तेव्हा वाचतोय होय? चाकरमानी गावाला आलेले, घरात वीस माणसं, रात्री भजनं, आणि मी स्वतः मोदक वळत होते, कॉमेंटना उत्तर द्यायला पाच दिवसांनी बसले तोपर्यंत सगळं थंड. तशीच शिमग्याची पालखी घरोघर फिरत असते तेव्हा नको, आणि एप्रिल-मे मध्ये देवगड-वेंगुर्ल्याकडच्या अर्ध्या घरांत आंब्याच्या पेट्या भरत असतात. जून-जुलैत नवऱ्याला मासेमारी बंदीमुळे सुट्टी असलेल्या बायका सांगतात की तेव्हा वाचायला वेळ असतो, पण तेव्हा लाइट नसते आणि रेंजही नसते. दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने ब्लॉगवालेच दिवाळी अंकांच्या लेखांत बुडालेले असतात. १९०९ साली मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढून ज्यांनी ही प्रथा पाडली ते काशिनाथ रघुनाथ मित्र, त्यांचं मूळ आडनाव आजगावकर, म्हणजे आपल्याच बाजूचं गाव, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार. एकूण हिशोब केला तर दिवाळी संपल्यापासून शिमग्यापर्यंतचे तीन-चार महिने चांगले. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यातच येतो, त्या आठवड्यात ब्लॉगवाले स्वतःहून लेख शोधत असतात, डिसेंबरमध्येच सांगून ठेवा.

सगळे लेख एकाच आठवड्यात आणू नका. मी पंधरा दिवसांनी एक असे पाच आणले. पाचही लेखांत एकच किस्सा घातलात तर लोकांच्या लक्षात येतं, वाचक तेच तेच असतात इकडून तिकडून.

लेख आला की तो दिवस मोकळा ठेवा. प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्या, नुसतं धन्यवाद नव्हे, काहीतरी पुढचं. तोच लेख उचलून स्वतःच्या ब्लॉगवर टाकू नका, पहिले दोन परिच्छेद टाका आणि पुढचं तिकडे वाचा म्हणून लिंक द्या, शोधणाऱ्यालाही मग मूळ जागाच सापडते आणि यजमानालाही बरं वाटतं. कोणी वाईट कॉमेंट केली तर भांडू नका, ते दुसऱ्याचं घर आहे, यजमानाला काय ते करू द्या. मी एकदा भांडलेय. नको.

जे ब्लॉग वाचत नाहीत त्यांच्यासाठीही हाच लेख थोडा फिरवून वापरता येतो. आपल्याकडे वाचनालयं जुनी आहेत, रत्नागिरीचं १८२८ चं, चिपळूणचं १८६४ चं, आणि तालुक्याच्या बहुतेक वाचनालयांत महिन्यातून एकदा काहीतरी कार्यक्रम असतोच. तिथे मी कादंबरीवर न बोलता भरतीच्या हिशोबावर बोलले, फळ्यावर तिथी लिहून. पंचवीस माणसं होती, त्यातल्या एका आजोबांनी उठून सांगितलं की पाऊणपट बरोबर पण आमच्याकडे अर्धा तास कमी धरतात. ते पुढच्या लेखात घातलं, त्यांना विचारून.

एक राहिलं, परतफेड. ज्यांनी तुम्हाला ओटीवर बसवलं त्यांना तुमच्याकडे बोलवा, तुमचा ब्लॉग लहान असला तरी. नुसतं "तुम्ही पण या कधीतरी" नको, विषय सुचवा, तारीख विचारा. मी लेख येऊन गेल्यावर प्रत्येकीला सही केलेली एक प्रत आणि सोबत काहीतरी घरचं पाठवते, खाण्यावर लिहिणाऱ्या ताईंना सुकवलेली तिरफळं पाठवली होती. त्यांचा पाहुणा लेख पुढच्या महिन्यात माझ्याकडे येतोय, पुण्यात तिरफळ कुठे मिळत नाही यावर. पडवीत आता दीड पेटी उरलीये, त्यातली अर्धी बुरशीने गेली. पेट्या जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.